थेंब पसरला पाहिजे: आमची वाटचाल

आमच्या टेबलावर चार वस्तू कायम असतात. ड्रॉपर असलेली तेलाची बाटली, भिंग, वजनकाटा आणि थर्मामीटर. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या लगद्याच्या, प्लेटचा नवा लॉट आला की बंडल मधून फोडायचं, कारण वरचा माल सगळेच नीट ठेवतात. प्लेटवर कोमट तेलाचा एक थेंब सोडायचा आणि घड्याळ लावून बसायचं. थेंब पसरून मुरला तर माल पुढे जातो. मण्यासारखा गोल राहिला तर तो लॉट बाजूला आणि नमुना प्रयोगशाळेत. ही सवय आम्हाला फार महागात पडून लागली आहे.

धंदा दोघांनी काढला. मी विक्री बघायचो, भागीदार हिशेब आणि उधारी. फेकायचाच माल विकायचा तर निदान मातीत जाणारा विकू, एवढं ठरवून आम्ही थर्माकोल सोडला आणि बगॅसच्या प्लेट-वाट्या, लाकडी चमचे, पीएलए या वनस्पतीजन्य प्लास्टिकचे ग्लास ठेवले. सुरुवातीची वर्षं बरी गेली.

एका वसतिगृहाच्या मेसची खरेदी बघणाऱ्या बाई आमच्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाईक. बाकीचे दर विचारायचे. बाई विचारायच्या, ‘वापरून झाल्यावर हे कुठे जाणार?’ पीएलएचा ग्लास त्यांनी पहिल्याच भेटीत परत केला. त्यांच्या खतप्रकल्पात ढीग तेवढा तापतच नव्हता, आणि पीएलएला साधारण ५८ अंशांची उष्णता टिकून लागते. घरच्या कुंडीत तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. शिवाय गरम पेय ओतलं की साधा पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. दिसायला हुबेहूब पेटसारखा, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकसारखा, त्यामुळे चुकून पेटच्या भंगारात गेला तर तो मालही बिघडवतो. हे सगळं मला माहीत असायला हवं होतं. शिकलो मी बाईंकडून.

२०२१ मध्ये त्याच बाईंनी आमच्या प्लेटची तपासणी करून घेतली. एकूण फ्लोरिन १०० पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भाग) मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. तेल झिरपू नये म्हणून लगद्यातच पीएफएएस हे फ्लोरिन असलेलं रसायन घातलेलं होतं. अशा प्लेटवर तेलाचा थेंब मुरत नाही, गोल राहतो. कार्बन आणि फ्लोरिनचा तो बंध खताच्या ढिगात सुटत नाही. खतातून ते जमिनीत जातं, तिथून पाण्यात. आमच्या पुरवठादाराने दाखवलेलं प्रमाणपत्र दुसऱ्याच मालाचं होतं, तेही जुनं, आणि आम्ही त्यावरचा उत्पादन क्रमांक कधी ताडून बघितला नव्हता.

बाईंनी एकच वाक्य उच्चारलं, ‘माल उचला.’ आम्ही उचलला. मग बाकीच्या गिऱ्हाइकांना स्वतःहून फोन केले. भागीदार म्हणाला, कशाला उकरता, कोणी विचारलेलं नाही. मी ऐकलं नाही. पुरवठादाराने भरपाई मागणारी आमची डेबिट नोट फेटाळली, गोडाऊन न विकता येणाऱ्या मालाने भरलं, बँकेचे हप्ते थकले. तीन महिन्यांत भागीदार आपला हिस्सा घेऊन बाहेर पडला. कामगारांचा पगार मी घरातलं मोडून केला.

त्याच दिवसांत एका मोठ्या कँटीनचं टेंडर निघालं. अर्जात अट काय, तर माल ‘पर्यावरणपूरक’ असावा. एवढाच शब्द. ना मानक, ना चाचणी अहवाल. ते टेंडर मिळालं हिरवं पान छापलेल्या ऑक्सो-डिग्रेडेबल प्लेटच्या विक्रेत्याला. ऑक्सो म्हणजे साधं प्लास्टिकच, लवकर तुकडे व्हावेत म्हणून त्यात द्रव्य मिसळलेलं. तुकडे होतात, संपत काहीच नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशानुसार ३ जुलै २०२१ पासून असा माल बाजारात आणायला बंदी घातली, आणि इथे तोच माल हिरवा म्हणून पास झाला. ही सल माझ्या मनातून गेलेली नाही.

आम्हाला सावरलं बाईंनी. नव्या पुरवठादाराचा माल लॉटगणिक तपासून देण्याच्या अटीवर त्यांनी पुन्हा ऑर्डर दिली, आणि तीही आगाऊ रक्कम देऊन. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केलं की तेलरोधक पीएफएएस आता तिथे अन्नाच्या वेष्टनांसाठी विकलं जात नाही. त्या संध्याकाळी जुन्या भागीदाराचा फोन आला. बराच वेळ बोललो.

खरेदी करणाऱ्यांना, विचारलं नसलं तरी, सांगतो. आधी स्टीलची ताटं आणि धुण्याची सोय होते का बघा. होत असेल तर आमच्याकडे येऊच नका. ‘बायोडिग्रेडेबल’ या शब्दावर पैसे देऊ नका, ईएन १३४३२ सारखं, खत होणाऱ्या वेष्टनांचं मानक मागा. त्यात १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त माल उरता कामा नये. पण ती चाचणी तापलेल्या औद्योगिक ढिगाची आहे, तेव्हा तुमचा ओला कचरा घेणाऱ्याला नमुना आधी दाखवा. तो नको म्हणाला तर त्या प्रमाणपत्राचा तुम्हाला उपयोग नाही. आणि कागदी कप घेताना एक कप पाण्यात भिजवून हाताने सोला. आतून पातळ पापुद्रा निघाला तर तो कप नुसत्या कागदाचा नाही.

बाईंनी मेसमध्ये धुण्याचं यंत्र बसवून घेतलं. त्यांची ऑर्डर आता आजारी मुलांच्या खोलीवर पाठवायच्या डब्यांपुरतीच उरली आहे. तो छोटा लॉटही मी स्वतः थेंब टाकून पाठवतो. त्या कँटीनच्या टेंडरमध्ये मात्र अजून तोच एक शब्द आहे. दरवर्षी अर्ज निघायच्या आधी मी त्यांना मानकाचा क्रमांक आणि फ्लोरिनची मर्यादा लिहून पत्र देतो, आणि पोच घेऊन फाइलला लावतो.