पाचवा पडदा सरळ उठला, अन् धाकटी तिसऱ्या अंकापर्यंत जागी

उठला बाप्पा एकदाचा! परवा रात्री आमच्या खोक्यातल्या छोट्या रंगमंचाचा पडदा खालपासून वरपर्यंत सरळ गेला. ओळीनं बारा वेळा गेला. मोठा मोजत होता, धाकटी दर वेळी तोंडानं घंटा वाजवत होती. तेराव्या वेळी ह्यांनी लाइटच बंद केला, म्हणून मोजणी बारावर थांबली.

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा कुठं अडलं होतं ते आधी सांगते. टीव्हीच्या खोक्याचा मंच उभा झाला होता, विंगा झाल्या होत्या, रस्ता आणि जंगल हे दोन देखावे रंगवून झाले होते. पण पडदा खालच्या दांड्यावर गुंडाळत वर नेला की एक बाजू मागे राहायची. अर्ध्यात पोचेपर्यंत जंगलातली झाडं अशी कलायची, जशी काही वादळात सापडली. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, नारळ फोडून मुहूर्त केला, तेव्हापासून जानेवारी उजाडेपर्यंत आम्ही चार पडदे वाया घालवले. त्यातला एक तर माझ्या चांगल्या सुती साडीचा.

काय काय करून पाहिलं तेही लिहिते, म्हणजे कोणी त्याच वाटेनं जाणार नाही. आधी वाटलं, दोऱ्या लहानमोठ्या आहेत. त्या मोजून सारख्या केल्या. मग वाटलं, वरच्या कड्या एका उंचीवर नाहीत. ह्यांनी पाणसळ आणली, गवंडी पातळी पाहायला वापरतात ती. खोक्याला पाणसळ! कड्याही ठीक निघाल्या. मग कापड आडवंतिडवं कापलं गेलं असेल म्हणून मांजरपाट नवीन आणला, सूत धरून फाडला. तरी तेच. गंमत अशी की तिसऱ्या पडद्याची डावी बाजू मागे राहायची अन् चौथ्याची उजवी. उत्तर तिथंच होतं, पण आम्ही भांडण्यात गुंतलो होतो. ह्यांचं म्हणणं, मी दोरी ओढताना एका हाताला जास्त जोर देते.

मग दांड्याच्या जागी प्लास्टिकचा पाइप आणला, वायरिंगचा, बारीकवाला. तो सरळ गेला खरा, पण इतका हलका की खाली सोडला तर पडदा हवेतच लटकून राहायचा. तालुक्याच्या हार्डवेअरवाल्यानं सांगितलं, "ताई, रेती भरा त्याच्यात." भरली. एका बाजूचं बूच निघालं आणि मंचभर रेती सांडली. पाइप सध्या वाल चढवायला परसात आहे.

आता मुद्द्याचं. शनिवारी या हंगामातलं आमचं सातवं नाटक पाहिलं, नागभीडच्या पुढच्या एका गावात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. वेळ साडेनऊची जाहीर, तिसरी घंटा पावणेअकराला, म्हणजे आपल्या झाडीपट्टीच्या, पूर्व विदर्भातल्या या मुलखाच्या, हिशेबानं वेळेवरच. या मंडळाकडं अजून रंगवलेले गुंडाळीचे पडदे आहेत, म्हणूनच आम्ही हे नाटक निवडलं होतं. फ्लेक्सचा महाल मला काही पटत नाही. लाइट पडला की तो चमकतो, अन् राजा शटरसमोर उभा असल्यासारखा दिसतो.

पहिल्या अंकानंतर मी पोरांना घेऊन मागं गेले. पडदा ओढणारे बाबा बिडी विझवून बसले होते. मोठ्यानं सरळ विचारलं, "आमचा पडदा तिरपा जाते, कायले?" बाबांनी एकच विचारलं, "दांडा कायचा हाय?" बांबूचा म्हटल्यावर हसले. "बांबूले बुड असते बाबू, अन् शेंडा असते. बुडाकडं जाड, शेंड्याकडं बारीक. जाड बाजू जास्त कापड खाते. बारीकवाली मांगं राहील नाही तं काय?"

मी तिथंच कपाळावर हात मारला. जिथं अंगणाअंगणात बांबूचं काम चालतं त्या मुलखात राहून आम्हाला हे सुचू नये! घरी येऊन दांडा मोजला. एका टोकाला व्यास २२ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला १८. एका फेरीत जाड बाजू जवळजवळ सात सेंटिमीटर कापड गुंडाळते, बारीक बाजू साडेपाचच्या जरा वर. आपला पडदा ६० सेंटिमीटरचा, म्हणजे जवळपास नऊ फेऱ्या. वर पोचेपर्यंत फरक अकरा सेंटिमीटर! आणि आम्ही पाणसळ लावत बसलो होतो.

बारीक टोकाला चिंध्या गुंडाळा, हा एक उपाय बाबांनी सांगितला. दुसरा त्याहून झकास: दोन बारीक काड्या घ्या, एकीचं बुड अन् दुसरीचा शेंडा एका बाजूला ठेवा, आणि सुतळीनं करकचून बांधा. दोन्ही टोकं आपोआप सारखी. वरून कापडाचा एक थर, म्हणजे सुतळीच्या गाठी पडद्यावर उमटत नाहीत. गावातल्या बुरडाकडून दोन काड्या आणल्या, त्यानं पैसेही घेतले नाहीत. वजनही पाइपापेक्षा भरपूर, त्यामुळं पडदा खाली सोडला की ताणून बसतो.

रंगाबद्दल एक. शाळेत वापरतात ते बाटलीतले पोस्टर कलर गुंडाळीच्या पडद्याला लावू नका, दुकानदार काहीही सांगो. सुकल्यावर पापडी धरते, दहाव्या उचलीला आभाळ गळायला लागतं. कापडावर चालणारा ॲक्रिलिक पातळ करून दोन हात द्या.

आता धाकटीचं. आतापर्यंतच्या सहा नाटकांत ती पहिला अंक संपायच्या आत माझ्या मांडीवर. दुपारी झोपवून पाहिलं, कथा आधी सांगून पाहिली, लावणीच्या वेळी उठवून पाहिलं, काही जमलं नाही. या वेळी बाबांनी तिला काम दिलं होतं: पडदा पडताना कोणती बाजू आधी टेकते ते पाहायचं आणि त्यांना सांगायचं. पोट्टी तिसऱ्या अंकापर्यंत टक्क जागी! नाटकात कोण कोणाचा मुलगा निघाला ते तिला ठाऊक नाही, पण दुसऱ्या अंकात उजवी बाजू दोनदा आधी टेकली हे तिनं बाबांना जाऊन सांगितलं. मोठ्याची वेगळीच तऱ्हा. झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्याचं शाळेत ऐकल्यापासून तो प्रत्येक नटाबद्दल विचारतो, "ह्यांना आहे का?" परवा खलनायकालाच विचारलं. तो म्हणाला, "आधी मंडळाकडून बाकी तं मिळू दे."

दोन्ही लेकरं पेटीवाल्यांच्या मागं जाऊन बसली, तेव्हा एक अख्खा अंक आम्ही दोघांनी एका शालीत बसून पाहिला. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात आम्ही एकवीस नाटकं पाहिली होती, मोटरसायकलवर. हल्ली एकानं नाटक पाहायचं अन् एकानं पोट्टे सांभाळायचे, मग पहाटे चहा पिताना कथा जोडायची. रडक्या प्रवेशात ह्यांनी डोळे पुसले. थंडीचं पाणी येतंय म्हणाले. परतताना नेहमीप्रमाणं उजाडेपर्यंत थांबलो, जंगलाच्या रस्त्यानं अंधारात निघायची आता कोणाची हिंमत नाही. तोवर आलूबोंडे दोन वेळा झाले.

पुढचा बेत राजवाड्याचा नवा पडदा असा होता. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, राजवाडा राहू दे. धाकटीला मंचासमोर प्रॉम्प्टर हवाय, मान खाली घालून वही वाचणारा, आणि तिचं बरोबर आहे. त्याच्याशिवाय आपलं नाटक कसलं? काडेपेटीची खुर्ची अन् चिंधीचा माणूस एका दुपारचं काम आहे. होळीपर्यंत, म्हणजे हंगाम उठायच्या आत, खोक्यात पहिला प्रयोग लावायचा.

एकच अडचण उरली आहे. सुती दोरी ओढताना कडीत अडकते, नायलॉनची गाठ सुटते. तुम्ही काय वापरता?