मावशीसाठी केंद्र बघताना
आज मावशीसाठी एक डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्यांचं केंद्र बघून आले. खोल्या स्वच्छ, बागही छान. पण एका आजोबांना ओढणीने खुर्चीला बांधलं होतं. "सारखे पडतात हो," तिथल्या ताई म्हणाल्या. एवढ्या सगळ्यांना त्या एकट्याच बघत होत्या, राग त्यांच्यावर नाहीच.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत स्मृतीचे गंभीर विकारही येतात. रुग्णाला बांधायचं तर मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी हवी, नोंद हवी, २४ तासांत त्याच्या प्रतिनिधीला कळवायला हवं. मी याच कायद्याखालच्या, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडच्या नोंदणीचा कागद मागितला, तर नुसतं संस्था म्हणून नोंदणी केल्याचं प्रमाणपत्र पुढे आलं.

सकाळचं ज्याला संध्याकाळी आठवत नाही, तो तक्रार कशी करणार? म्हणूनच सरकारी तपासणी न कळवता व्हायला हवी, रात्रीसुद्धा. आणि अहवाल आम्हा नातेवाइकांना वाचायला मिळायला हवा.