दहावीनंतरचा पहिला कॅमेरा: निवड, तपासणी आणि पहिला पावसाळा

फेब्रुवारी

भाचीला या वर्षी स्वतःचा कॅमेरा घेऊन द्यायचा, हे आमच्या घरात दिवाळीतच ठरले होते. मात्र दहावीची परीक्षा संपेपर्यंत तो तिच्या हातात पडणार नाही, ही ताईची अट होती आणि मला ती पूर्ण मान्य आहे. त्यामुळे निवडीसाठी निवांत वेळ मिळाला. नागपुरात घरच्या मुलांसाठी कॅमेरा शोधणाऱ्या इतर छंदी मंडळींना उपयोग व्हावा, म्हणून ही नोंद टप्प्याटप्प्याने लिहीत आहे.

सुरुवात मॉडेलांच्या यादीने करायची नाही, एवढे मी ठरवले होते. त्याऐवजी तिने आजवर मोबाईलवर काढलेली छायाचित्रे आम्ही दोघांनी संगणकाच्या पडद्यावर मोठी करून पाहिली. त्यांत तिच्या दोन ओढी स्पष्ट दिसल्या: एक, अंबाझरी आणि फुटाळ्याच्या काठावरचे पक्षी, जे चित्रात ठिपक्याएवढे उरतात, दुसरी, महाल आणि इतवारीच्या गल्ल्यांमधली माणसे, विशेषतः दिवेलागणीच्या वेळची. मोबाईल दोन्ही ठिकाणी अडतो, पण कारणे वेगळी आहेत. पक्ष्यांसाठी लागणारी लांब लेन्स मोबाईलच्या जाडीत मावत नाही. संध्याकाळी मोबाईल एकामागून एक अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतो, त्यामुळे भिंत स्वच्छ येते, पण हातगाडी ढकलणारा माणूस पुसल्यासारखा दिसतो. म्हणजे आम्हाला एक लांब लेन्स आणि एक मोठ्या ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र मोठे असलेली लेन्स हवी होती, आणि या दोन्ही नीट चालवणारी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा. पहिल्या कॅमेऱ्याचा विचार लेन्सपासून सुरू करून बॉडीपर्यंत यावा, असे माझे ठाम मत आहे आणि पुढची सगळी निवड त्यावरच बेतलेली आहे. लेन्स, कार्ड, बॅग असे सगळे धरून मर्यादा ६०,००० रुपयांची होती.

मार्च

नव्या कॅमेऱ्यांत सर्वांत जवळचा पर्याय कॅनन आर५० हा होता. २०२३ मध्ये आलेला हा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा २४.२ मेगापिक्सेलचा असून बॅटरी आणि कार्डासह सुमारे ३७५ ग्रॅमचा आहे, पक्षी आणि माणसे ओळखून फोकस धरतो, आणि एक्स्पोजर (चित्राला मिळणारा प्रकाश) बदलले की चित्र कसे येईल ते व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) आधीच दाखवतो. शिकणाऱ्यासाठी हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे आणि तो सोडताना मला वाईट वाटले. परंतु किट लेन्ससह (कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या लेन्ससह) तो घेतला असता, तर पक्ष्यांच्या लेन्ससाठी जवळजवळ काहीच उरले नसते. शिवाय १८-४५ मिमीची ती किट लेन्स दुसऱ्या टोकाला एफ/६.३ वर जाते (एफचा आकडा मोठा, तेवढे छिद्र लहान), म्हणजे इतवारीतल्या संध्याकाळचा प्रश्नही तसाच राहिला असता. निकॉन झेड३० ला व्ह्यूफाइंडरच नाही. नागपूरच्या उन्हात मागच्या पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याखेरीज फारसे काही दिसत नाही, त्यामुळे या गावात व्ह्यूफाइंडर नसलेला कॅमेरा शिकण्यासाठी घेऊ नये, असे मी कोणालाही सांगेन.

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आतल्या आरशाने व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांत, निकॉन डी३५००, डी५६०० आणि कॅननचा २००डी मार्क दोन हे नेहमीचे पर्याय आहेत. तिन्ही चित्रांच्या दर्जात उत्तम आहेत. त्यांची अडचण डायलची आहे. या बॉडींना एकच डायल असते, त्यामुळे मॅन्युअल मोडमध्ये शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत येतो ते) सरळ फिरवता येतो, पण ॲपर्चर बदलायचे तर एक बटण दाबून धरून तेच डायल फिरवावे लागते. ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटते, पण दोन डायल असली की अंगठ्याला शटर आणि तर्जनीला ॲपर्चर इतके अंगवळणी पडते की डोळा चित्रावरून हटत नाही. शिकण्याच्या वयात ही सवय लागावी, असे मला मनापासून वाटते.

दुसरे कारण माझ्या कपाटात होते. माझ्याकडे निकॉनची जुनी एएफ ५० मिमी एफ/१.८डी लेन्स आहे. तिच्यात फोकसची मोटर नाही. बॉडीतली मोटर माउंटवरच्या (लेन्स जोडण्याच्या जागेवरच्या) छोट्या स्क्रूमधून ती फिरवते. डी३५०० आणि डी५६०० मध्ये ही मोटर नसल्यामुळे त्यांवर ती हातानेच फोकस करावी लागते, आणि निकॉनच्या झेड मिररलेसवर जुन्या लेन्स जोडणारा एफटीझेड ॲडॉप्टर लावला तरी तेच. डी७००० मालिकेच्या बॉडींत मात्र मोटर आहे. किट झूम ५५ मिमीवर एफ/५.६ देते, एफ/१.८ ची लेन्स त्याच्या नऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. ती लेन्स घरात असताना तिला निरुपयोगी करणारी बॉडी घेण्यात अर्थ नव्हता.

अशा रीतीने निवड २०१५ सालच्या निकॉन डी७२०० वर येऊन थांबली, अर्थातच सेकंड हँड. २४.२ मेगापिक्सेल, ५१ फोकस बिंदू, दोन डायल, दोन कार्डांच्या जागा, १०० टक्के चौकट दाखवणारा पेंटाप्रिझम व्ह्यूफाइंडर आणि धुळीपासून बऱ्यापैकी संरक्षण देणारी बांधणी, हे सगळे आजही पुरून उरते. तिच्या उणिवा मी ताईला आणि भाचीला आधीच सांगितल्या: नुसती बॉडी ६७५ ग्रॅम, पडदा हलत नाही आणि स्पर्शाने चालत नाही, पडद्यावर पाहून फोकस करताना संथ, व्हिडिओसाठी गैरसोयीची. निकॉनचे लक्ष २०१८ पासून झेड माउंटकडे वळले आहे. १९५९ मध्ये सुरू झालेल्या एफ माउंटसाठी नव्या लेन्सची वाट पाहण्यात हशील नाही. त्याच कारणाने जुन्या, चांगल्या एफ लेन्स आज परवडणाऱ्या किमतीत मिळतात, आणि विद्यार्थ्याला त्याचा थेट फायदा आहे.

वजनाचा प्रश्न कागदावर सोडवायचा नव्हता. परीक्षा संपल्यावर माझी स्वतःची जड बॉडी लांब लेन्ससह तिच्या गळ्यात दिली आणि अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात सकाळभर फिरवली. परतताना खांदा दुखतो का, असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, “दुखतो न मामा, पण डोळा लावला की बाकी काही आठवतच नाही.” ताईने त्यावर चांगल्या, रुंद पट्ट्याची अट घातली आणि विषय मिटला.

एप्रिल

सेकंड हँड कॅमेरा घेताना काय पाहावे, हे थोडे सविस्तर लिहितो. खामल्यातील एका हौशी छायाचित्रकाराला मिररलेसकडे वळायचे होते. त्यांच्याकडून १८-१०५ मिमी लेन्ससह डी७२०० मिळाली. सर्वप्रथम त्यांच्यासमोर एक फोटो काढून ती फाइल लॅपटॉपवर उघडली. निकॉनचे कॅमेरे शटर किती वेळा चालले तो आकडा प्रत्येक फाइलमध्ये लिहून ठेवतात; येथे तो बावीस हजारांच्या आसपास होता. या मॉडेलचे शटर १,५०,००० वेळांपर्यंत तपासलेले आहे, म्हणून त्या बाजूने चिंता नव्हती. नंतर एफ/१६ वर, फोकस मुद्दाम बिघडवून, मोकळ्या आकाशाचे चित्र घेतले. सेन्सरवरची धूळ अशा चित्रात काळसर ठिपक्यांनी दिसते; थोडी होती, ब्लोअरने गेली. दोन्ही जागांत कार्डे घालून पाहिली, दोन्ही डायल एकेक खूण न चुकवता फिरतात का ते पाहिले, आणि ५० मिमीची लेन्स लावून जवळून दूर, दुरून जवळ असा फोकस वारंवार करून बॉडीतल्या मोटरचा आवाज ऐकला. बिलावरचा, खोक्यावरचा आणि बॉडीच्या तळाचा क्रमांक एकच आहे, याची खात्री शेवटी केली, पण खरे तर ती आधी करावी.

लांब लेन्स म्हणून ७०-३०० मिमी एफ/४.५-५.६जी व्हीआर (व्हीआर म्हणजे हाताचा कंप कमी करणारी सोय) ठरवली होती. पहिल्या विक्रेत्याकडची लेन्स बाहेरून नव्यासारखी होती. तिच्या मागच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च तिरपा टाकून पुढून पाहिले, तेव्हा आतल्या काचेच्या कडेला जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले. ती बुरशी होती. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. आतली साफसफाई महाग पडते आणि कोटिंगवर डाग राहू शकतो. दुसरी लेन्स बर्डीतल्या एका दुकानात मिळाली. तिचे रबर सैल झाले होते, पण काच स्वच्छ होती. बॉडी आणि दोन्ही लेन्स मिळून अंदाजपत्रकाच्या तीन चतुर्थांशात बसले. उरलेल्या रकमेतून पट्टा, बॅग, कार्डे, दुसरी बॅटरी आणि आर्द्रतामापक असलेली हवाबंद पेटी घेतली.

मे आणि जून

पहिल्या टप्प्यात फक्त ५० मिमीची लेन्स आणि ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर आपण ठरवायचे, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो), एवढाच अभ्यास ठेवला. झूम नसल्यामुळे चौकट पायांनी जमवावी लागते, आणि एफ/१.८ पासून एफ/११ पर्यंत पार्श्वभूमी कशी बदलते ते एकाच खिडकीत पाहता येते. नागपूरचे ऊन एका बाबतीत उत्तम शिक्षक आहे: निरभ्र दुपारी आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १००, शटर १/१२५ सेकंद आणि एफ/१६ ठेवले की एक्स्पोजर बहुतेक बरोबर येते, त्यामुळे मीटरशिवाय अंदाज बांधण्याचा सराव येथे सहज होतो. अर्थात हा सराव सावलीत उभे राहून, उन्हातल्या वस्तूंवर केला. या कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचे तापमान ० ते ४० अंश दिलेले असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणून कॅमेरा बंद गाडीत ठेवायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घातला.

एक सूचना खास विदर्भातल्या घरांसाठी. उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून आपण बुरशीबाबत निर्धास्त असतो, पण कूलर चालू असलेल्या खोलीतली हवा ओलसर असते. भाचीची पेटी आधी कूलरसमोरच्या टेबलावर होती. आर्द्रतामापक तेथे उघडा ठेवून पाहिला, तर काटा साठच्या वर गेला. पेटी दुसऱ्या खोलीतल्या कपाटात हलवली. आत सिलिका जेल घालून काटा ४० ते ५० टक्क्यांत राहतो.

पावसाळा

उघडीप मिळेल तेव्हा लांब लेन्स बाहेर निघाली. सेन्सरच्या आकारामुळे ३०० मिमीची चौकट ४५० मिमीसारखी दिसते. वेडा राघू हा मी तिला दिलेला पहिला विषय, कारण तो किडा पकडून बहुधा त्याच काटकीवर परत येतो; त्यामुळे फोकस काटकीवर धरून वाट पाहता येते. सुरुवातीची चित्रे हलली, कारण व्हीआर चालू आहे म्हणून तिने शटर १/१२५ वर ठेवले होते. व्हीआर आपल्या हाताचा कंप कमी करते, पंखांची गती थांबवत नाही, हे त्या चित्रांवरून तिला नेमके समजले. १/१६००, सतत चालणारा फोकस आणि नऊ बिंदूंचा गट, या मांडणीवर आता उडत्या पक्ष्याचे डोळे अधूनमधून टोकदार येतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मारबतीच्या मिरवणुकीला गेलो. काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे, मागोमाग बडग्यांचे पुतळे, आणि अरुंद रस्त्यांत मावेनाशी गर्दी. तेथे लेन्स बदलणे शक्य नाही, म्हणून १८-१०५ च लावली. १/५०० आणि एफ/८ पक्के करून आयएसओ कॅमेऱ्यावर सोडला. त्यासाठी तिने दोन्ही डायल न पाहता फिरवली, हे मी बाजूला उभा राहून पाहत होतो. त्या दिवसाचे तिचे सर्वांत चांगले चित्र मारबतीचे नाही. पुतळ्याकडे मान वर करून ओरडणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईचे आहे, २४ मिमीवर, अगदी जवळून घेतलेले. गर्दीत परक्या माणसाच्या इतके जवळ जाऊन, नजरेने परवानगी घेऊन चित्र काढणे मला तिच्या वयात जमत नसे.

सध्या

आता तिला २००-५०० मिमी एफ/५.६ हवी आहे. ती लेन्स मलाही आवडते, पण तिचे वजन २.३ किलो आहे. वाद घालण्याऐवजी आम्ही तिच्या निवडक चित्रांच्या फाइलींतून फोकल लेंथ पाहिल्या. पक्ष्यांची जवळपास सगळी चित्रे ३०० वर आहेत, हे तिच्या बाजूने गेले. पण तिने स्वतः निवडलेल्या चित्रांत पक्ष्यांपेक्षा माणसे बरीच जास्त निघाली, आणि ती बहुतेक २० ते ४० मिमीच्या दरम्यान, अंधुक प्रकाशात, चढ्या आयएसओवर काढलेली आहेत. त्यावरून पुढची लेन्स ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स, हे तिनेच मान्य केले. ती सुमारे २०० ग्रॅमची आहे आणि जुन्या बाजारात सहज मिळते. दिवाळीच्या आधी घ्यायची आहे, म्हणजे महालातल्या दिव्यांच्या संध्याकाळी तिच्या हाताशी येतील. हिवाळ्यात तलावांवर बदके आली की मित्राची २००-५०० एका सकाळपुरती मागून आणणार आहे. मोनोपॉडशिवाय (एका पायाच्या आधाराशिवाय) ती तिला पेलते का, ते तेव्हा पाहू आणि येथे लिहीन.