किती दिवस आहात अजून?

सोमवारी सकाळी कचरा टाकायला खाली उतरले तर जिन्यात खालच्या आजी भेटल्या, म्हणाल्या, काय मग, किती दिवस आहात अजून इथे? बस, एवढंच. दोन वर्षांपूर्वीही हेच विचारलं होतं त्यांनी, तेव्हा मी हसून काहीतरी बोलले आणि विसरूनही गेले. आज गुरुवार, आणि मी अजून तेच वाक्य चघळतेय.

रविवारी इथल्या, जर्मनीच्या संसदेच्या 2025च्या निवडणुकीची मतमोजणी बघायला नसते गेले तर बरं झालं असतं. इथे कुणीही जाऊन उभं राहू शकतं, मताचा हक्क नसला तरी. शाळेचा वर्ग, सहा वाजता पेटी टेबलावर उपडी केली, लांबलचक मतपत्रिका, सगळे गठ्ठे हातानेच. एएफडीचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना विरोध करणाऱ्या कट्टर उजव्या पक्षाचा गठ्ठा वाढतच चाललेला. शेवटचा आकडा, देशात 20.8 टक्के, मागच्या वेळच्या दुप्पट, आणि आमच्या थुरिंगिया राज्यात 38.6. तेव्हापासून जिना चढताना दारं मोजते. आमचं सोडून नऊ, म्हणजे साधारण साडेतीन दारं. कुठली पण?

नवरा म्हणतो, अगं एएफडीबरोबर कुणी सरकार करणार नाही, आगभिंत आहे ना, बाकीचे पक्ष त्यांच्याशी हातमिळवणी करत नाहीत. असेल. जानेवारीत सीडीयू पक्षाच्या मेर्त्सनी एएफडीच्याच मतांवर संसदेत ठराव पास करून घेतला तेव्हा कुठे होती भिंत? त्या रागावर डी लिंके हा डावा पक्ष मात्र उठून बसला, संपला संपला म्हणत होते आणि 8.8 टक्के घेतले. त्यांच्यातूनच फुटलेल्या वागेनक्नेश्तबाईंचा नवा पक्ष 4.98 वर अडकला, संसदेत शिरायला लागणाऱ्या पाच टक्क्यांना साडेनऊ हजारांच्या आसपास मतं कमी. एवढी तर आपल्याकडे एका वॉर्डात पडतात.

आणि 2019 मध्ये याच राज्याच्या विधानसभेला डी लिंके 31 टक्के घेऊन पहिला होता! माणसं तीच की. आजीही तेव्हा इथेच होत्या. त्यांची बस बंद झालीय, डॉक्टर मिळत नाही, हे मला पाठ झालंय. माझं पार्सल त्याच घेतात. आणि मी त्यांचं दार मोजतेय, शी.

मग आठवलं, आमच्या सोसायटीत बाहेरच्या राज्यातलं बिऱ्हाड आलं की बाबा पहिल्याच दिवशी विचारायचे, किती दिवसांसाठी आहात? चहाही द्यायचे. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. त्या लोकांना वाटलं असेल का, कोण जाणे.

आत्ता दार उघडलं तर हँडलला जिना पुसायच्या पाळीची पाटी लटकतेय. ती आजीच लावतात, वर्षभराची यादीही त्याच करतात. म्हणजे यादीसाठी विचारलं होतं? की... जाऊ दे. दोन मजले आहेत, फडकं कुठे ठेवलंय तेही आठवत नाहीये.