‘ए’ची पुसट रेघ

आमच्या लॅबमध्ये रोज सकाळी पहिला पॉझिटिव्ह नमुना माझाच असतो. मी सिकलसेलची वाहक आहे, एएस : ‘ए’ म्हणजे निरोगी हिमोग्लोबिन, ‘एस’ म्हणजे सिकलसेलचं. सोल्युबिलिटी, म्हणजे सिकलसेलची पहिली चाळणी-तपासणी, लावायची तर शेजारी एक ठाऊक असलेला पॉझिटिव्ह आणि एक ठाऊक असलेला निगेटिव्ह हवाच. नाहीतर त्या दिवशीच्या द्रावणावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? बोटाला टोचायचं, वीस मायक्रोलिटर रक्त दोन मिली द्रावणात सोडायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. गढूळ होऊन बुडाल्या तर पॉझिटिव्ह. अठरा वर्षांत तीन-चार वेळा माझ्या नळीतून रेघा लख्ख दिसल्या. मी बरी झाले नव्हते. द्रावणात लागणाऱ्या डायथायोनाइट पावडरची बाटली ओल धरून मेली होती.

नवापूरच्या पावसात हे व्हायचंच. बाटली एकदा उघडली की झाकण कितीही आवळा, गंधकाचा वास येत राहतो आणि पावडरचे खडे होतात. नवी मागवावी तर खरेदीवाले सगळ्यात स्वस्तातली आणतात आणि ती यायच्या आधीच निम्मी मुदत संपलेली असते. कंट्रोल, म्हणजे निकाल ठाऊक असलेला नमुना, रोज लावायला पाहिजे, हे नव्या पोरांना सांगून माझी जीभ झिजली. त्यांना वाटतं, ताईंना बोट टोचून घ्यायची हौस आहे.

हे आधी सांगितलं, कारण पुढची गोष्ट अशाच एका नळीची आहे.

होळीच्या आदल्या आठवड्यात एक आई नऊ वर्षांच्या मुलाला पाठीवर घेऊन आली. नवरा ऊसतोडीला बारडोलीकडे. पोराचे दोन्ही पाय आणि कंबर दुखत होती. हात लावला की किंचाळायचा. मी त्याला ओळखत होते. तो दोन वर्षांचा असताना त्याची पट्टी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, मीच चालवली होती. एसएस पॅटर्न, म्हणजे वाहक नव्हे, रुग्ण. तेव्हापासून फॉलिक अ‍ॅसिड, पुढे हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या, आणि दोन-तीनदा रक्त चढवलेलं. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं तर ती म्हणाली, बंद केल्या. का? तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. एका खासगी लॅबचा एचपीएलसी रिपोर्ट, म्हणजे मशीनने मोजलेले हिमोग्लोबिनचे प्रकार, जानेवारीचा. हिमोग्लोबिन ए ५८ टक्के, एस ३२. खाली छापलेलं : सिकलसेल ट्रेट. एएस.

“एसएसचा एएस झाला, ताई,” ती मला म्हणाली. “प्रॉफेटांनी सांगितलं होतं, तसंच झालं.”

एसएसचा एएस आपोआप होत नसतो. तो आईबापांकडून येतो आणि माणसाबरोबरच जातो. पण कागद खरा होता, शिक्का खरा, आकडेही खरेच.

प्रॉफेट, म्हणजे संदेष्टा, म्हणवणाऱ्या त्या प्रचारकाच्या जानेवारीतल्या सभेला मीही गेले होते, एवढं कबूल करते. महिनाभर एसटी स्टँडवर पोस्टर होतं : पांढरा सूट, हातात माइक, मागे ज्वाळा. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात मांडव होता. दारात पोरंपोरी फॉर्म भरून घेत होती : नाव, गाव, आजार, मोबाइल. स्टेजवरून आवाज आला, “इथे एक आई आहे, तिच्या लेकराची हाडं रात्री दुखतात,” तेव्हा पंधरा-वीस बायका एकदम उभ्या राहिल्या. आमच्या तालुक्यात दोन हजारांच्या मांडवात कुणाच्या तरी लेकराची हाडं दुखतात हे सांगायला देवाचं कृपादान लागत नाही. आमची आशाताईसुद्धा सांगेल, आणि ती गावंही बरोबर सांगेल.

तरी मी प्रॉफेटाच्या कानाकडेच बघत होते. १९८६ साली अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाच्या प्रचारकाचं बिंग फुटलं, ते मी वाचलं होतं. लोकांची नावं, पत्ते, आजार देवाने सांगितल्यासारखे तो पुकारायचा. जादूगार जेम्स रँडीच्या माणसांनी रेडिओ स्कॅनर लावला तर ३९.१७ मेगाहर्ट्झवर पॉपॉफची बायको बोलताना सापडली. लोकांनी भरलेल्या प्रार्थना-कार्डांवरचं वाचून नवऱ्याच्या कानात सांगत होती. पुढच्याच वर्षी पॉपॉफने दिवाळं काढलं आणि काही वर्षांनी पुन्हा धंद्यात आला. तर मी वायर शोधत होते. मला चोर हवा होता. वायर नव्हती.

लॅबमधली बाई, म्हणून ही चमत्कार न मानणारी, असं कुणी समजू नये. माझी आजी हात वर करून अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या भरात न शिकलेल्या बोलीत, प्रार्थना करायची. आमचे पाळकसाहेब सांगतात की हे काही परवा अमेरिकेहून आलेलं खूळ नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुलींवर पवित्र आत्मा उतरला, लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचं संजीवन, म्हणजे तशीच जागृती, त्याच्या नंतरचं, १९०६ चं. मी लहान असताना माझ्याही डोक्यावर हात ठेवून सिकलसेलसाठी प्रार्थना झाली आहे. म्हणूनच असल्या सभांचा मला दुप्पट राग येतो. बाहेरचा माणूस हसून मोकळा होतो. आम्हाला तसं मोकळं होता येत नाही.

तर त्या दिवशी मी पोराचं रक्त घेतलं. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह, ती एएसलाही पॉझिटिव्हच येते, त्यातून एएस की एसएस ते कळत नाही. मग पट्टी लावली. सेल्युलोज अ‍ॅसिटेटची पट्टी बफरमध्ये भिजवायची, टिपायची, हिमोलायसेटची, म्हणजे पेशी फोडलेल्या रक्ताची, बारीक रेघ ओढायची आणि करंट द्यायचा. लाइट जाऊ नये म्हणून मनात प्रार्थना करायची. हिमोग्लोबिन आपापल्या वेगाने पळतात : ए सगळ्यात पुढे, त्याच्यामागे एफ, मग एस, आणि ए-टू रेंगाळत. रंग दिला, धुतला. पट्टीवर एसची जाड रेघ होती, एफची बारीक. आणि पुढे, जिथे या पोराच्या पट्टीवर काहीच असायला नको, तिथे ए. पुसट. पेन्सिलीने ओढून खोडरबराने अर्धी पुसल्यासारखी.

ती रेघ बघितली आणि सगळं उलगडलं. मी बाहेर जाऊन आईला विचारलं, “जानेवारीत रक्त चढवलं होतं का?”

“हो. नाताळ झाल्यावर लगेच. दोन पिशव्या.”

“आणि हा कागद कधीचा?”

“सभेनंतर. प्रॉफेटांची माणसं म्हणाली, तपासून घ्या, साक्ष द्यायची आहे.”

चढवलेलं रक्त कुणा निरोगी माणसाचं, म्हणजे ए. तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. जानेवारीत पोराच्या अंगात परक्याचं रक्त ताजं होतं, मशीनला ए जास्त आणि एस कमी दिसलं. वाहकाचं चित्र असंच असतं. मशीनने काय दिसलं ते सांगितलं. आता मार्चमध्ये त्या पेशी संपत आल्या, म्हणून रेघ पुसट. आणखी महिन्या-दीड महिन्याने तीही गेली असती.

मी त्या खासगी लॅबला फोन लावला. टेक्निशियन धुळ्याकडचा पोरगा. म्हणाला, “ताई, फॉर्मवर काहीच लिखेल नव्हतं.” रक्त चढवल्याचा रकाना कोरा होता. त्याला झापायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. संध्याकाळी आमचं रजिस्टर काढून बघितलं. त्या महिन्यात माझ्याच अक्षरातल्या अकरा नोंदींत तो रकाना कोरा होता.

म्हणजे खोटं कुणीच बोललं नव्हतं. आईला जे दिसलं तेच ती बोलली, लॅबने निघाला तो आकडा छापला, प्रॉफेटाने तो कागद स्टेजवर फडकावला. आणि पोरगा सलाइन लावून किंचाळत होता.

पाळकसाहेब यवतमाळच्या सेमिनरीत शिकलेले, ती पुण्याला जायच्या आधीचे. मी पट्टी घेऊन त्यांच्याकडे गेले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जानेवारीत त्या बाईने आपल्या मंडळीत साक्ष दिली, तेव्हा आमेन मीच म्हणालो होतो.” हे माझ्या लक्षातही नव्हतं.

मी बायबलमधलं अनुवाद १८ काढलं : बोललेलं घडलं नाही, तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे. झालं, संपलं. ते म्हणाले, इतकं सोपं असतं तर १३ वा अध्याय कशाला लागला असता? तिथे संदेष्ट्याची खूण खरी ठरते, तरीही त्याचं ऐकू नका म्हटलंय. आणि हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल असं भाकीत केलं, तेव्हा खरा संदेष्टा यिर्मयाही आधी आमेनच म्हणाला होता. खरं व्हावंसं त्यालाही वाटत होतं.

मग त्यांनी ‘बारा प्रेषितांची शिकवण’ काढली. त्या जुन्या पुस्तिकेची ग्रीक प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. फिरत्या प्रेषिताने एक दिवस राहावं, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर खोटा. पैसे मागितले तर खोटा. मी म्हटलं, मग विचार काय करायचाय, ‘बीज पेरा’ म्हणून पोराच्या आईकडून पाच हजार घेतलेत. ते म्हणाले, त्याच पानावर हेही आहे की आत्म्यात बोलत असलेल्या संदेष्ट्याची परीक्षा घेऊ नका. बोलणं राहू दे. त्याची चाल बघा.

“चाल कशी बघायची?”

“चूक दाखवायची आणि मग बघायचं.” २०२० मध्ये अमेरिकेत कितीतरी प्रॉफेटांनी ट्रम्प पुन्हा निवडून येणार म्हणून देवाच्या नावाने सांगितलं. त्यांच्यातल्या जेरेमाया जॉन्सनने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली, तर लोकांनी त्यालाच जिवे मारायच्या धमक्या दिल्या. पाळकसाहेबांचं म्हणणं, चुकलेला संदेष्टा वेगळा आणि खोटा वेगळा. आणि लोकांना बहुतेक वेळा दुसराच आवडतो.

पोलिसांत जायचं का, यावर आमचं भांडण झालं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. पण मंडळीतल्या मोठ्यांचं एकच : बाहेरचे टपूनच बसलेत, आपल्या घरातलं भांडं रस्त्यावर कशाला आपटायचं? ही भीती खोटी नाही. पण तिच्या सावलीत किती भामटे पोसले गेले, तेही मी बघितलंय.

शेवटी आम्ही दोघं गेलो. प्रॉफेट शेजारच्या तालुक्यात सभेला आला होता, एका व्यापाऱ्याच्या बंगल्यावर उतरलेला. वाटलं होतं त्याहून तरुण. उठून उभा राहिला, पाळकसाहेबांच्या पाया पडला, चहा सांगितला. मी पट्टी दाखवली, सगळं समजावलं. त्याने खरंच लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, “पण ताई, रिपोर्ट तर तुमच्याच सायन्सचा होता ना?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

पाळकसाहेबांनी दोनच गोष्टी मागितल्या. साक्षीचा व्हिडिओ काढून टाका आणि आजच्या सभेत सांगा की गोळ्या बंद करू नका. प्रभूने कुष्ठरोग्याला बरं केलं तेव्हाही, जाऊन स्वतःला याजकाला दाखव म्हणाला होता. लेवीय १३ मध्ये याजक तपासतो, सात दिवस थांबवतो, पुन्हा तपासतो, आणि १४ मध्ये बरा झालेल्याला तपासायला छावणीबाहेर जातो. “ही बाई याजकच आहे असं समजा. तिने तपासलंय,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मला अवघडल्यासारखं झालं.

“गोळ्या बंद करा असं मी म्हणालोच नाही,” तो म्हणाला. बरोबर होतं, तो ‘औषधांची गुलामी तुटली’ एवढंच म्हणाला होता. मग सूर बदलला. चंगाई मिळाली होती, आईचा विश्वास डळमळला म्हणून गेली. आणि स्तोत्र १०५ : माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, “दाविदाने अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही. पण गुहेबाहेर येऊन, सगळं सैन्य ऐकत असताना, त्याला चूक दाखवली.”

चहा आला. तो कुणीच प्यालं नाही. संध्याकाळच्या सभेत मोठ्या पडद्यावर पुन्हा तोच व्हिडिओ लागला : आई, हातात कागद, शेजारी हसणारा पोरगा. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी आमच्या वेदीवरून स्वतःचं आमेन परत घेतलं, कारणासकट. चार कुटुंबं तेव्हापासून येत नाहीत.

मी कोणाला दोष देत होते ते मलाच नीट कळत नाही. तो चालू माणूस असता तर बरं झालं असतं. त्याने माझं ऐकलं, त्याला समजलंही. त्याच्या डोळ्यांत ते मला एक क्षण दिसलं. आणि मग त्याने ते बाजूला ठेवून दोष बाईवर टाकला. जिने पाच हजार दिले होते आणि पोराला पाठीवर घेऊन आली होती, तिच्यावर.

ईस्टरनंतर ती फेरतपासणीला आली. पोरगा चालत आला होता, गोळ्या सुरू होत्या. पट्टीवर ए नव्हता. तिने तो जुना कागद परत मागितला. मी लाल पेनाने त्यावर वर लिहिलं आणि दिला. तिने विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं : रक्त चढवल्यानंतरचा नमुना.

“म्हणजे ते दुसऱ्याचं रक्त दिसलं?”

“हो.”

तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, त्या अठ्ठावन्नवर बोट ठेवलं.

“कोणाचं होतं?”

रक्तपेढीच्या पिशवीवर नाव नसतं, नंबर असतो. मी तिला तेच सांगितलं.