तळ्याला झुळझुळ नसते

श्राव्यपुस्तकासाठी महाडच्या भाषणाचं ध्वनिमुद्रण होतं. २५ डिसेंबर १९२७, बाबासाहेबांचं अध्यक्षीय भाषण. नट नावाजलेला, आवाज भरदार, आणि अडचण नेमकी तीच. चवदार तळ्याचं नाव आलं की त्याचा गळा दाटायचा. भाषण तर तिथे मुद्दाम कोरडं आहे. हे पाणी पिऊन कुणी अमर होणार नाही, आजवर प्यालो नाही म्हणून मेलोही नाही, असं आधी सांगून बाबासाहेब पाण्यातलं तीर्थपण काढून टाकतात. मग कारण एकच उरतं: इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करणं. आधीची वाक्यं हिशेब सांगितल्यासारखी सपाट गेली तरच हे उभं राहतं. सुरुवातीलाच वरची पट्टी लावली की पुढे चढायला जागा नाही.

लगोलग समतेची मुहूर्तमेढ येते. नटाने ती विजयाच्या सुरात म्हटली. उद्घाटनांच्या बातम्यांनी हा शब्द पार झिजवलाय. मेढ रोवतात तेव्हा मांडव उभा राहायचा असतो, लग्न तर त्याहून पुढे. इथे आवाज वर नाही, खाली यायला हवा आणि आधी एक सेकंदभर थांबायला हवं.

भाषणात बाबासाहेब या परिषदेची तुलना व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी करतात. निर्मात्यांना हे व्हर्साय कापायचं होतं. ‘१७८९ ची फ्रेंच राष्ट्रीय सभा आपल्या श्रोत्यांना कशाला?’ श्रोत्यांना कमी लेखायची ही जुनी खोड. ती तुलना काढली तर महाडची परिषद एका गावच्या पाणवठ्याची तक्रार होऊन बसते. भाषणाचा सगळा भार तिच्यावर आहे.

कळस ध्वनिसंयोजकाने केला: खाली वाहत्या पाण्याचा आवाज. तळं वाहत नाही, हे एक. दुसरं, बाबासाहेब आणि सत्याग्रही पाणी प्याले ते त्याच वर्षी २० मार्चला. डिसेंबरात न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम होता. सत्याग्रह तहकूब झाला, तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पाण्याला कुणी हात लावला नाही. २५ तारखेच्या रात्री मनुस्मृती जाळली, म्हणजे आवाज घालायचाच तर आगीचा घाला.

व्हर्साय राहिलं, झुळझुळ गेली. मेढीआधीचा तो सेकंद मात्र शांतता छाटणाऱ्या सॉफ्टवेअरने खाल्ला. अंतिम फाइलीत दोन्ही वाक्यं एकमेकांना चिकटली आहेत, आणि संकलकाच्या मते त्याने ‘प्रवाह’ सुधारला.