आमची वाटचाल : ट्रॅक्टरच्या सीटपासून विमानाच्या पिटोपर्यंत

आमचं मूळ काम सीट कव्हरचं. वडिलांनी शिवाजी उद्यमनगरात गाळा घेतला तेव्हा आजूबाजूला सगळे लेथवाले, फौंड्रीवाले आणि ऑइल इंजिनवाले. शिलाईचा आवाज फक्त आमच्या गाळ्यातून यायचा. ट्रॅक्टरच्या सीटा, जीपचे हूड, ट्रकच्या ताडपत्र्या, मृगाच्या तोंडावर मोटारपंपाच्या टोप्या. कोल्हापूरच्या पावसानं आम्हाला कधी उपाशी ठेवलं नाही.

विमानाच्या कव्हरांचं काम आलं ते उजळाईवाडीहून. तिथे कोल्हापूरचा विमानतळ, राजाराम महाराजांच्या काळात, 1939 साली सुरू झालेला. पण तिथून आपल्याकडे गिऱ्हाईक येईल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ऐन पावसाळ्यात एका छोट्या विमानाचे इंजिनिअर आले आणि त्यांनी खिशातून बोटभर लांबीची, चिंध्या झालेली लाल पिशवी काढून टेबलावर ठेवली. मशीनवरच्या मामांनी ती उलटीपालटी करून बघितली.

"साहेब, एवढ्याशा पिशवीसाठी उजळाईवाडीहून आलाय व्हय?"

"मामा, हिच्यावाचून विमान उभं करून ठेवायची मला भीती वाटते."

ती पिटो ट्यूबची टोपी होती. सेसना 172 सारख्या विमानात ही नळी डाव्या पंखाखाली असते. समोरून येणारी हवा तिच्यात दाबली जाते, विमानाच्या अंगावरच्या दुसऱ्या बारीक भोकातून बाहेरच्या हवेचा साधा दाब मिळतो आणि या दोन दाबांतल्या फरकावरून वैमानिकाला वेग कळतो. विमान उभं असताना नळी उघडी राहिली तर पाणी जातं, धूळ जाते. सगळ्यात वाईट म्हणजे कुंभारीण माशी. आपल्या खिडकीच्या चौकटीत मातीचं घर करते तीच. तिला असं आयतं भोक मिळालं की ती सोडत नाही.

हे काम हातात घेतल्यावर मी वाचायला लागलो. 6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं बिर्गेनएअरचं बोइंग 757 समुद्रात पडलं, 189 माणसं गेली. विमान काही दिवस उभं होतं आणि पिटोवर कव्हर नव्हतं. नळी सापडलीच नाही, पण संशय कुंभारणीच्या घरावरच गेला. नळी बुजली की विमान वर चढेल तसा काटा खोटा वेग वाढवून दाखवतो. मग वेग जास्त झाला असं समजून तो कमी केला जातो आणि विमान हवेत तोलच सोडतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेरूत दुसरं 757 पडलं, 70 माणसं गेली. तिथे विमान धुताना दाबाच्या भोकांवर चिकटवलेली टेप काढायची राहिली होती. टेप चंदेरी आणि पत्राही चंदेरी, कुणाच्या नजरेलाच आली नाही. 2018 मध्ये ब्रिस्बेनहून एक एअरबस ए330 तिन्ही पिटोंवर कव्हर तशीच ठेवून उडालं. सुदैवानं सुखरूप उतरलं. तिथे कव्हर घातली होती तीही या माशीमुळेच.

म्हणजे झाकलं नाही तरी धोका, आणि झाकलेलं काढलं नाही तरी धोका. जीपचं हूड विसरलं तर माणूस भिजतो, एवढंच. इथे कव्हर काढायचं कुणी विसरू नये, याकडेच आमचं अर्धं डोकं लागतं. टोपी बोटभर, पण तिला लोंबणारी लाल पट्टी तिच्या कितीतरी पट लांब. पट्टीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत 'रिमूव्ह बिफोर फ्लाइट', म्हणजे उडण्याआधी काढा. एका गिऱ्हाइकाला विमानाच्या रंगाला मॅचिंग निळी पट्टी हवी होती. त्यांना मी नम्रपणे दुसरं दुकान बघायला सांगितलं.

लाल रंगानंच आम्हाला जास्त दमवलं. बाजारातलं स्वस्त लाल कापड एका उन्हाळ्यात गुलाबी पडतं. प्रत्येक नवीन ताग्याचा तुकडा आम्ही गाळ्याच्या पत्र्यावर बांधून ठेवतो, निम्मा उघडा आणि निम्मा झाकलेला. दोन्हींत फरक दिसला की तागा परत. दोरा पॉलिएस्टरचाच, कारण सुती दोरा पावसात कुजतो आणि कापड शाबूत असताना शिवण सुटते. बक्कल धातूचं नाही; वाऱ्यानं हललं की रंगावर ओरखडे पाडतं. काचेवरच्या कव्हरला आतून मऊ अस्तर लागतं, कारण छोट्या विमानाची काच म्हणजे बहुतेक ॲक्रिलिक, एक प्रकारचं प्लॅस्टिकच; धुळीनंसुद्धा चरे पडतात. आणि कापडातून वाफ बाहेर गेली पाहिजे. रेक्झिनचं हवाबंद कव्हर घातलं तर आतल्या आत घाम धरतो. ताडपत्री शिवत आयुष्य काढलेल्या मामांना हे पटायला वेळ लागला. पाणी अडवायचं पण वाफ सोडायची, हा त्यांच्या मते कापडावर अन्याय आहे.

माझं आवडतं काम म्हणजे इंजिनाच्या तोंडाचे बोळे. पंख्याच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी दोन तोंडं असतात आणि साळुंक्या-चिमण्या तिथे बघता बघता काड्या कोंबतात. त्या मापाचे फोमचे बोळे कापायचे, वरून कापड चढवायचं. फोम बंद छिद्रांचाच घ्यायचा, नाहीतर स्पंजागत पाणी पितो. दोन्ही बोळे एका दोरीनं जोडून ती दोरी पंख्याभोवती घेतात. कुणी विसरून इंजिन चालू केलंच, तर पंखाच दोरी ओढून बोळे बाहेर फेकतो. ही युक्ती आमची नाही, जगभर वापरतात. पण पहिल्यांदा कळली तेव्हा अख्खा गाळा खूश झाला होता.

एक बोळा मात्र आम्ही करत नाही. इंधनटाकीला हवा घेण्याची बारीक नळी असते. ती बुजलेली राहिली तर टाकीतून इंजिनाकडे इंधन येईनासं होतं. तीही झाकून द्या, असं म्हणणारे भेटतात. आम्ही नाही म्हणतो.

2020 मध्ये जगभर विमानं जमिनीवर बसली आणि उभ्या विमानांच्या पिटो तपासा, असा इशारा युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेलाही द्यावा लागला. आमच्याकडे त्याच काळात विचारणा वाढली. ज्या शहरांत विमान चालवायला शिकवतात तिथून फोन येऊ लागले. ऑर्डर लहानच असतात. मोठं पोट अजूनही सीट कव्हरच भरतं, हे खरं.

आता प्रत्येक सेट एका पिशवीत जातो. पिशवीवर विमानाचा व्हीटीपासून सुरू होणारा नंबर आणि आत किती नग आहेत ते छापलेलं. उडायच्या आधी पिशवीत तेवढे नग परत मोजून घ्यायचे. छपाई सध्या बाहेरून करून घेतो आणि तिथेच वेळ जातो. गोकुळ शिरगावला एक गाळा बघून ठेवलाय. भाडं जमलं तर छपाईचं टेबल तिकडे टाकायचं आणि मामांसाठी एक नवं वॉकिंग फूटचं, म्हणजे जाड कापडाचे थर एकत्र पुढे सरकवणारं शिलाई मशीन घ्यायचं. त्यांची अट एकच आहे, जुनं मशीन विकायचं नाही.